आधी एक किलो माणक्या साफ करा

आपल्या मंडळाच्या पुढच्या अंकाचा विषय 'घरचं जेवण' असावा, असं गेल्या बैठकीत बहुतेकांचं मत पडलं. विषय चांगला आहे. मीही हात वर केला होता. पण घरी येताना बसमध्ये एक धास्ती वाटायला लागली. या अंकासाठी पंधरा लेख आले, तर त्यांतल्या निदान बारांत 'आईच्या हातची चव' हे शब्द असणार. मला हे एवढं खात्रीने सांगता येतं, कारण पहिल्या वर्षाला असताना मी स्वतः याच ई-मासिकात तसा लेख लिहिला होता.

माझा विषय होता भरलेल्या माणक्या. वरच्या कोकणात ज्याला माकुल म्हणतात आणि हॉटेलच्या मेनूकार्डावर ज्याचं स्क्विड होतं, तेच हे. घरी आम्ही कोकणीत माणक्यो म्हणतो, मराठीत लिहिताना माझ्या हातून माणक्या होतात. त्या लेखात मी समुद्र आणला होता, पाऊस आणला होता, रेशाद मसाल्याचा वास आणला होता, आणि 'समुद्रातून आलेल्या पांढऱ्याशुभ्र माणक्या' असंही एक वाक्य होतं. लेखाचं कौतुक झालं. दोन सरांनी वर्गात उल्लेख केला. मी घरी जाऊन मोबाइलवर तो लेख आईला वाचून दाखवला.

इथे एक कबुली देतो. आमच्या घरात 'आई' कोणीच म्हणत नाही. मम्मी म्हणतो. लेखात मात्र मी तिची आई केली होती, कारण 'मम्मीच्या हातची चव' हे मला साहित्यिक वाटलं नाही. तर मम्मीने सगळं ऐकून घेतलं. ती सावंतवाडीची, मराठी शाळेत शिकलेली. माझ्यापेक्षा तिचं मराठी चांगलं आहे. शेवटी ती हसली आणि म्हणाली, "छान लिहिलंयस रे पुता. पण पांढऱ्या कुठल्या? मी सोलल्यावर पांढऱ्या होतात त्या."

मीही हसलो, आणि विसरून गेलो.

मला ते वाक्य दोन वर्षांनी नीट ऐकू आलं. आज मी लिहितोय ते त्या वाक्याबद्दल. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: 'आईच्या हातची चव' हा गोड शब्दप्रयोग आपण काम लपवायला वापरतो. ज्याला तो वापरायचा असेल, त्याने तो पदार्थ आधी एकदा बाजारापासून भांडी घासण्यापर्यंत स्वतः करावा. मग खुशाल लिहावं.

आता नेमकं काय झालं ते सांगतो.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्या घरी मटण-चिकन येत नाही. नियमाप्रमाणे बघितलं तर मांस वर्ज्य करायचं ते मुख्यतः शुक्रवारी, पण आमच्याकडे शामायच्या काळापासून सगळा उपवासकाळच असा पाळला जातो. मासे चालतात. त्यामुळे लहानपणापासून या दिवसांतले शुक्रवार मला कधी कठीण गेले नाहीत, उलट मी त्यांची वाट बघायचो. कारण संध्याकाळी क्रुसाची वाट करून चर्चमधून परत आलो की ताटात भरलेल्या माणक्या असायच्या. दर शुक्रवारी नाही, पण चाळीस दिवसांत दोन-तीनदा तरी नक्की. त्याग म्हणून मांस सोडायचं आणि त्याच्या बदल्यात घरातला सगळ्यात खटपटीचा पदार्थ खायचा, यात काही गंमत आहे हे मला वीस वर्षं सुचलंच नाही. माझा त्याग होत होता, आणि त्याचे कष्ट दुसरं कोणीतरी करत होतं.

गेल्या वर्षी माणक्या झाल्याच नाहीत. पहिला शुक्रवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या शुक्रवारी ताटात डाळ, भात आणि तळलेले बांगडे बघून धाकट्या बहिणीने विचारलं. पप्पांनी विचारलं. मी तर जरा नाराजीनेच म्हणालो, "मम्मी, यंदा माणक्यो नाहीत का?" ती म्हणाली, "मनगट दुखतं. सोलायला जमत नाही." झालं. सगळ्यांनी "अरेरे, डॉक्टरला दाखव" म्हटलं आणि जेवायला सुरुवात केली. चार माणसांच्या घरात दोघे तरणेताठे, एक धडधाकट बाप, आणि एकाच्याही तोंडून 'मी सोलतो' हे दोन शब्द बाहेर पडले नाहीत. 'साहित्य आणि स्त्री' या विषयावर पहिल्या वर्गाचे मार्क मिळवलेला मीही त्यातच होतो.

यंदा मी ठरवलं की एकदा करून बघायचं. ठरवण्यामागे काही मोठा विचार नव्हता. खरं सांगायचं तर खायची इच्छा होती.

एका शुक्रवारी कॉलेजला सुट्टी होती. सकाळी पप्पांबरोबर म्हापशाच्या बाजारात गेलो. बाजार करणं हे आमच्याकडे पुरुषांचं काम, आणि मोठ्या कौतुकाचं. कोणती मासळी ताजी, कोणाकडे घ्यायची, किती भाव पाडायचा, यावर पप्पा तासभर बोलू शकतात. त्यांनी मला शिकवलंही मनापासून. कातडीवरचे जांभळट ठिपके स्पष्ट दिसले पाहिजेत, डोळे स्वच्छ हवेत, अंग घट्ट हवं. आतलं मांस गुलाबी पडलं असेल किंवा नाकाला झोंबणारा वास येत असेल तर हात लावू नये. भरायच्या असतील तर फार मोठ्या घेऊ नयेत, हाताच्या पंज्याएवढ्या बऱ्या. हे सगळं बरोबरच होतं. एक किलोत तेरा आल्या. पिशवी घरी आणून पप्पांनी ओट्यावर ठेवली आणि ते पेपर वाचायला बसले. तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं, की आमच्या घरी 'मी माणक्या आणल्या' या वाक्यानंतर थेट 'माणक्या झाल्या' हेच वाक्य येतं. मधलं कोणी बोलतच नाही.

मधलं असं असतं.

एका हाताने धड धरायचं, दुसऱ्याने डोक्याला धरून हळूच ओढायचं. जोरात ओढलं तर आतली शाईची पिशवी फुटते. माझी पहिल्या तिघींमध्ये तीनदा फुटली. सिंक काळं, हात काळे, टीशर्टवर डाग. तो डाग अजून आहे. जुन्या फोटोंच्या तपकिरी रंगाला आपण सेपिया म्हणतो, तो शब्द माणकीच्याच चुलत भावंडाच्या, म्हणजे कटलफिशच्या, ग्रीक नावावरून आलेला. एकेकाळी त्याच्या शाईने लोक लिहीत असत. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही माहिती वर्गात फार आवडते. सिंकसमोर आवडत नाही.

मग धडात बोट घालून आतला काटा काढायचा. हा माशाच्या काट्यासारखा नसतो. पातळ, पारदर्शक, प्लॅस्टिकच्या पट्टीसारखा असतो. तो अर्धा मोडून आत राहिला तर खाणाऱ्याच्या दाताखाली येतो. नंतर डोळ्यांच्या खालून पाय कापून घ्यायचे. आठ आखूड आणि दोन लांब. त्यांच्या मधोमध पोपटासारखी एक कडक चोच असते, ती दाबून बाहेर काढायची. लांब पायांवरच्या चोषकांना बारीक कडक कडी असतात, ती बोटाने खरवडायची. आणि मग कातडी. ती ओली असताना हातातून सटकते, आणि सुकली की निघत नाही. बाजूच्या दोन पंखांपासून सुरुवात केली तर एका झटक्यात निघते, हे मम्मीने सांगेपर्यंत मी मधूनच नखांनी खरवडत होतो. तेरा माणक्यांना मला पावणेदोन तास लागले. पाठ भरून आली, आणि मनगटात नेमक्या कुठे कळ येते तेही समजलं.

शेवटची धुऊन चाळणीत ठेवली तेव्हा त्या खरोखरच पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. माझ्या जुन्या लेखातल्यासारख्या. फक्त त्या समुद्रातून तशा आलेल्या नव्हत्या.

इथे साहित्याच्या विद्यार्थ्याने थोडं व्याकरणाकडे बघावं असं मला वाटतं. आदल्या रात्री मी पाककृती वाचून ठेवल्या होत्या, मराठीतल्या आणि इंग्रजीतल्याही. जवळजवळ प्रत्येकीत पहिली ओळ एकच: माकुल स्वच्छ करून घ्यावेत. चार शब्द. त्या चार शब्दांत माझे पावणेदोन तास बसले. आणि वाक्याची रचना बघा. कांदा चिरावा, नारळ खवावा, मसाला वाटून घ्यावा. सगळे कर्मणी प्रयोग, आणि कर्ता गायब. कांद्यावरून क्रियापद ठरतं, नारळावरून ठरतं, पण चिरणारी-खवणारी वाक्यात कुठेच नाही. इंग्रजीत तर सरळ आज्ञार्थ, तोही कोणाला ते न सांगता. मी म्हणत नाही की पाककृती लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं. पण जिथे कर्ता सांगायची गरज पडत नाही, तिथे तो सगळ्यांना ठाऊकच असतो, म्हणून तर गरज पडत नाही.

आता पुढचा भाग, कारण फक्त तक्रार करून थांबलो तर तोही अर्धाच लेख होईल.

रेशाद हा शब्द आपण त्या लाल मसाल्याला वापरतो, पण मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नुसता 'भरलेलं' एवढाच. सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं, जिरं, मिरी, थोडी दालचिनी आणि लवंगा, हळद, चिंच, साखरेची चिमूट, आणि हे सगळं माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये वाटलेलं. पाणी घालायचं नाही, म्हणजे तो टिकतो. आमच्याकडे तो बाटलीत भरून फ्रीजमध्ये असतोच. तोही कोणी तरी करून ठेवलेला असतो, हे आलंच.

सारणासाठी कापलेले पाय आणि पंख बारीक चिरून घेतले, वाटीभर सोललेली बारीक कोळंबी, तीन कांदे, एक टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, दोन चमचे रेशाद. शिळ्या पावाचा चुरा मम्मी थोडा घालते, सारण धरून राहावं म्हणून. हे सगळं पाणी आटेपर्यंत परतायचं. मी अधीर होऊन ओलसरच उतरवलं. मग भरायला घेतलं, आणि सगळ्यात मोठी चूक केली. दाबून दाबून भरलं. माणकी रिकामी असते तेव्हा पिशवीसारखी दिसते, भरावंसं वाटतंच. मम्मी मागून म्हणाली, "तीन वाट्यांची जागा असेल तर दोनच भर. ती आकसते, सारण आकसत नाही." तोपर्यंत माझ्या सहा भरून, टूथपिक टोचून झाल्या होत्या. शामाय टूथपिकऐवजी माडाच्या हिराचा धुतलेला तुकडा वापरायची, असंही तिने सांगितलं.

कढईत घातल्यावर दोन मिनिटांत चार फुटल्या.

दहा मिनिटांनी एक काढून चाखली तर रबर. चपलेचा पट्टा म्हणा हवं तर. मला वाटलं बिघडलं सगळं. गॅस बंद करायला हात पुढे केला तर मम्मीने थांबवलं. तिने जे सांगितलं ते मी इथे तिच्याच शब्दांत देतो, कारण यापेक्षा सोपं मला लिहिता येणार नाही: "माणकी एक तर लगेच काढायची, नाहीतर खूप वेळ ठेवायची. मधे काढलीस तर चावतच बसशील. आता मधे आहे. झाकण ठेव आणि विसर."

मी झाकण ठेवलं. बारीक गॅसवर, तिच्याच सुटलेल्या पाण्यात, वर थोडा मसाला आणि व्हिनेगर. पस्तीस मिनिटांनी सुरी अलगद आत गेली. नंतर कुतूहल म्हणून शोधलं, तर त्यामागे साधं शास्त्र आहे. या प्राण्याच्या स्नायूंत कोलॅजेनचं जाळं असतं. दोन-तीन मिनिटांत काढलं तर स्नायू अजून पुरते आवळलेले नसतात. त्यापुढे ते आवळत जातात, पाणी बाहेर टाकतात आणि चिवट होतात. पण अर्धा-पाऊण तास मंद शिजवलं की तेच कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं आणि मांस पुन्हा मऊ पडतं. भरलेली माणकी दोन मिनिटांत आतपर्यंत शिजणं शक्य नाही, म्हणून तिला दुसरा, लांबचाच रस्ता. मम्मीला कोलॅजेन हा शब्द माहीत नाही. पण 'आता मधे आहे' हे तिला झाकण न उघडता, नुसत्या आवाजावरून कळलं होतं.

आणि इथे माझा दुसरा मुद्दा येतो. 'आईच्या हातची चव' म्हणण्यात कष्ट तर लपतातच, अक्कलही लपते. हाताला चव असते म्हटलं की तो चमत्कार झाला, देणगी झाली. मग शिकायचा प्रश्न नाही, विचारायचा नाही, नोंद करायचा तर नाहीच. वास्तविक तो हात म्हणजे तीस वर्षांचा अभ्यास आहे. किती आकसेल, किती भरायचं, कधी झाकायचं, कधी विसरायचं. हेच एखाद्या हॉटेलातल्या शेफने सांगितलं तर आपण त्याला कौशल्य म्हणतो, त्याचं नाव मेनूवर छापतो, पगार देतो. घरातल्या बाईने केलं की ती माया होते. मायेला पगार नसतो, सुट्टी नसते, आणि मनगट दुखलं तरी पर्याय नसतो.

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला थोडंफार माहीत आहे, कारण मंडळातल्या दोघा-तिघांशी माझा वाद झालाय.

एक म्हणाला, बाजारातच साफ करून मिळतात, एवढा गाजावाजा कशाला. मिळतात, खरं आहे. कापून देणाऱ्या बायका बाजाराच्या कडेला आदोळी मांडून बसलेल्या असतात, किलोमागे ठरलेले पैसे घेतात. जमेल त्यांनी जरूर त्यांच्याकडून घ्यावं, आणि घासाघीस न करता पैसे द्यावेत. पण काम संपलं असं समजू नये. ते एका बाईच्या मनगटातून दुसरीच्या मनगटात गेलं, एवढंच. तिला निदान त्याचे पैसे मिळतात, हा फरक आहे आणि तो छोटा नाही.

दुसरी म्हणाली, सगळ्या आयांना तू बिचाऱ्या करून टाकलंस. माझ्या आईला स्वयंपाक मनापासून आवडतो. हा मुद्दा मला पटतो, आणि त्याने मी जरा गप्पही झालो. म्हणून घरी विचारलं. मम्मी म्हणाली, "मला आवडतं करायला. पण आवडतं म्हणजे दर वेळी एकटीनेच करायचं असं कोणी ठरवलं?" यापुढे मला जोडण्यासारखं काही नाही.

तिसऱ्याचा आक्षेप साहित्यिक होता. त्याचं म्हणणं, ललित लेखात सिंक आणि आतडी आणायची नसतात, त्याने रसभंग होतो. मला वाटतं नेमकं उलट आहे. आपल्या अभ्यासक्रमातलंच बघा. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त वडिलांच्या सोवळ्याची हकिगत आहे. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, आणि त्या धुण्यात घरच्या बायकामुलींचे काय हाल व्हायचे, ते त्या हसत हसत सांगतात. धुणं वगळलं असतं तर ते पान कोणाला आठवलं असतं? बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर आणखी जवळचं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्या उतरवून ठेवल्या, आणि त्या गेल्यावर, 1952 साली, त्यांचं पुस्तक झालं. तिथेही लिहून घेणारा मुलगाच होता. पण शब्द आईचे होते, आणि काम करणाऱ्या माणसाचे होते. मी पहिल्या वर्षाला केलं ते याच्या अगदी विरुद्ध. काम तिचं, शब्द माझे, आणि ते शब्द चुकीचे.

म्हणून पुढच्या अंकासाठी माझी मंडळाला एक सूचना आहे. 'घरचं जेवण' विषय ठेवूया, पण एक अट घालूया. ज्या पदार्थावर लिहायचं तो लेखकाने, मुलगा असो की मुलगी, एकदा स्वतः करावा. सामान आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. लेखात किती वेळ लागला ते लिहावं, काय बिघडलं ते लिहावं. आणि ज्याच्याकडून शिकलो त्याचं निदान एक वाक्य, त्याच्या बोलीत, जसंच्या तसं द्यावं. ते कोकणी असेल, मालवणी असेल, बेळगावकडचं असेल, तर तसंच राहू द्या, त्याला प्रमाण मराठीचा इस्त्री केलेला शर्ट घालू नका.

ज्यांच्या घरी मासे होत नाहीत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. केळफूल घ्या. एकेका फुलातला कडक दांडा आणि पाकळी काढत दुपार जाते, आणि हाताला चीक लागतो तो वेगळाच. फणस घ्या. अळूची पानं घ्या. प्रत्येक घरात अशी एक माणकी असतेच.

आणि ज्यांना माणक्याच करायच्या असतील त्यांच्यासाठी एक सोय आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात, त्या दिवसांत बाजारात मिळतो तो बहुतेक बर्फातला माल. ऑगस्ट लागला, बोटी परत आल्या की ताजा मिळायला लागेल, आणि आपल्या अंकाची तारीखही त्यानंतरचीच आहे. कोणाला पहिल्यांदा जमत नसेल तर मला सांगा. कातडी पंखांपासून कशी सुरू करायची ते मी आता दाखवू शकतो. शाई फुटेलच, त्यामुळे जुना टीशर्ट घाला.

त्या शुक्रवारच्या जेवणाचं सांगायचं राहिलं. तेरांपैकी नऊ धड होत्या, चार फुटलेल्या. आकसून एकेक बोटाएवढी झाली होती. बहिणीने तीन घेतल्या आणि म्हणाली, मीठ कमी आहे. पप्पा म्हणाले, माणक्या ताज्या होत्या म्हणून चव आली. मी वाढत होतो, आणि वाढताना फुटलेल्या बाजूला काढून सवयीने मम्मीच्या ताटाकडे चमचा नेला. मधेच थांबलो. मला आठवेल तेव्हापासून आमच्याकडे फुटलेल्या माणक्या तिच्याच ताटात जायच्या. ती स्वतःच त्या घ्यायची, त्यामुळे मला वाटायचं तिला सारण सुटं झालेलंच आवडतं.

त्या दिवशी तिच्या ताटात दोन अखंड वाढल्या. तिने टूथपिक काढलं, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "आतलं पाणी अजून आटवायला पाहिजे होतं." बरोबर होतं तिचं. फुटलेल्या चारही मी खाल्ल्या. भांडी मात्र त्या रात्री बहिणीने घासली, मी मागे लागून.